पोटाची हाक टाळू नका



घरात कोणाला ताप आला तर शेजारणीला कळते. खोकला झाला तर चार घरांतून चार काढे येतात. परंतु "पोट साफ होत नाही" ही तक्रार मात्र नवरा बायकोला सांगत नाही, सून सासूला सांगत नाही आणि मुले तर कोणालाच सांगत नाहीत. सांगितलीच तर लोक हसतात, नाहीतर एखाद्या चूर्णाची पुडी पुढे करतात. मग वर्षानुवर्षे तीच पुडी, तेच कुंथणे, आणि एके दिवशी रक्त दिसले की तोंडचे पाणी पळते. म्हणून यावेळी आम्ही लाज बाजूला ठेवून जुनाट बद्धकोष्ठाविषयी लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. दिवसभर आकडेमोड करणारे कारकून आहोत. डॉक्टरांनी तपासून ठरवायचे ते डॉक्टरच ठरवतील. परंतु या दुखण्यात औषधाइतकाच वेळेचा, पाण्याचा आणि रांगेचा हिशेब दडलेला आहे, आणि तो हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल.

बद्धकोष्ठ कशाला म्हणायचे?

"रोज सकाळी एकदा झालेच पाहिजे" असा आपल्याकडे ठाम समज आहे. वास्तविक तसा नियम नाही. दिवसातून तीन वेळा जाणारा माणूस निरोगी असू शकतो आणि एक दिवसाआड जाणाराही निरोगी असू शकतो. शौच मऊ होत असेल, कुंथावे लागत नसेल आणि झाल्यावर मोकळे वाटत असेल तर काळजीचे कारण नाही.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, मळ कडक व खड्यासारखा असणे, बऱ्याचदा जोर करावा लागणे, जाऊन आल्यावरही "अजून आतच आहे" असे वाटणे, किंवा बोटाने काढावे लागणे, यांपैकी दोन-तीन गोष्टी महिनोन्महिने चालू असतील तर ते जुनाट बद्धकोष्ठ होय. रोज जाणाऱ्यालाही बद्धकोष्ठ असू शकते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. रोज अर्धा तास बसून दोन खडे पडत असतील तर ते "साफ" नव्हे.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी मळाच्या आकाराचे सात प्रकार सांगणारा एक तक्ता तयार केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरला जातो. त्यातला पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. दुसरा म्हणजे खडे एकत्र चिकटून झालेला गाठाळ मळ. हे दोन्ही बद्धकोष्ठाचे. तिसरा आणि चौथा प्रकार म्हणजे पिकल्या केळ्यासारखा, सलग आणि मऊ मळ, हा उत्तम. तिथून पुढे पातळ होत होत सातवा प्रकार निव्वळ पाण्यासारखा. डॉक्टरांकडे गेल्यावर "कसे होते" असे विचारले तर लाजून "बरे होते" म्हणू नये. लेंड्या की केळे, इतके सांगितले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते.

आणखी एक समज काढून टाकला पाहिजे. दोन दिवस झाले नाही म्हणून मळाचे विष रक्तात जात नाही, रक्त "अशुद्ध" होत नाही. ही भीती घालून पुष्कळ चूर्णे विकली जातात. पोट फुगते, भूक मंदावते, चिडचिड होते, हे खरे. परंतु घाबरून जुलाबाचे औषध घेण्याचे कारण नाही.

आत काय चालते?

खाल्लेले अन्न लहान आतड्यात पचते आणि उरलेला पातळ भाग मोठ्या आतड्यात येतो. मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. त्याच्यात रोज सुमारे दीड लिटर पातळ भाग येतो आणि त्यातले बहुतेक पाणी ते शोषून घेते. उरलेला घट्ट भाग पुढे सरकत सरकत शेवटी गुदाशयात येतो. गुदाशय ताणले गेले की मेंदूला निरोप जातो आणि आपल्याला "लागते". हीच पोटाची हाक.

ही हाक केव्हाही येऊ शकते, पण सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यानंतरच्या अर्ध्या तासात ती सर्वात जोरकस असते. पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते. चहा घेतल्याशिवाय होत नाही असे जे लोक म्हणतात, त्यामागे बरेचसे हेच कारण असते. कोमट पाणी आणि अर्धी भाकरी यांनीही तेच काम होते.

आता ही हाक आली आणि आपण गेलो नाही, तर काय होते? थोड्या वेळाने ती विरते. आपल्याला वाटते, बरे झाले, थांबले. परंतु मळ आतच असतो. आतडे त्यातले पाणी शोषतच राहते आणि मळ अधिक कडक होतो. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडताना दुखते, म्हणून माणूस पुन्हा टाळतो. असे वर्षानुवर्षे झाले की गुदाशय सैल होऊन ताणाची जाणीवच बोथट होते. हाक येईनाशी होते. बँकेतले थकलेले कर्ज आणि पोटातली ही थकबाकी यांत फारसा फरक नाही. दोन्ही रोज वाढतात.

रांगेचे गणित

बद्धकोष्ठावरच्या लेखांत बहुधा "लागताच जावे" असा सल्ला असतो. ज्याच्या खोलीला लागून संडास आहे त्याला तो सोपा आहे. आपल्या वस्त्यांतून, चाळींतून तो कसा पाळायचा?

आम्ही साधे गणित मांडतो. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या शहरी भागासाठीच्या सूचनांत सामुदायिक शौचालयासाठी २५ स्त्रियांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट असे प्रमाण दिलेले आहे. एका बाईला आत जाऊन बाहेर येण्यास सहा मिनिटे धरली, तर २५ बायकांना १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास लागतात. हे सगळे नियमाप्रमाणे असताना! एखादी सीट तुंबलेली असेल, एकीचे दार मोडलेले असेल आणि एका सीटमागे ५० बायका येत असतील तर पाच तास. सकाळी सातच्या लोकलला पोहोचायचे तर पहाटे दोनपासून रांग लावावी लागेल. साहजिकच कोणीतरी न जाताच कामावर निघून जाते.

ते "कोणीतरी" बहुधा घरातली बाई असते. पाणी येते तेव्हा नळावर तिने उभे राहायचे. नवऱ्याचा डबा, मुलांची शाळा, सासऱ्यांचा चहा तिनेच करायचा. घरातल्या सगळ्यांचा नंबर लागून गेला की मग तिचा. तोवर हाक येऊन विरलेली असते. रात्री शौचालयाकडे दिवा नसतो, वाटेत टवाळ पोरे बसलेली असतात, म्हणून संध्याकाळनंतर ती पाणीच पीत नाही. पाणी कमी, हाक टाळलेली आणि सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेले जेवण. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर बद्धकोष्ठ न झाले तरच नवल. शिवाय लघवी कोंडून आणि पाणी तोडून लघवीचा जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच.

घरकाम करणाऱ्या आपल्या कितीतरी भगिनींची तऱ्हा याहून वाईट आहे. सकाळी सातला निघायचे, चार घरांची धुणीभांडी करायची, तिथले संडास-बाथरूम घासून चकचकीत करायचे आणि स्वतःला लागले तर मात्र त्याच संडासाचे दार त्यांना बंद. दुपारी तीनला घरी येईपर्यंत कळ सोसायची. जिच्या हाताने ते भांडे स्वच्छ होते तिला ते वापरू न देणे ही शिवाशिवच आहे, आणि तिचा परिणाम थेट आतड्यावर होतो. बाजारात भाजी विकणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या, बांधकामावर विटा वाहणाऱ्या बायकांचे हेच. मुंबईत २०११ सालापासून महिला कार्यकर्त्यांनी "राइट टू पी" या नावाने स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्यांची मागणी लावून धरली, तेव्हा काहींनी नावावरून थट्टा केली. ज्यांना दिवसभर कोंडून धरावे लागते त्यांना त्यात थट्टेसारखे काही दिसले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की बद्धकोष्ठ हा केवळ पोटाचा रोग समजून चालणार नाही. पोट हाक देते, आणि ती ऐकायला आपण माणसाला सवडच देत नाही. ती सवड मिळाल्याशिवाय नुसत्या पुडीने हे दुखणे हटणार नाही.

ताटात काय असावे?

पोट साफ राहण्यासाठी अन्नात चोथा हवा. चोथा पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ व भरीव करतो. मोठ्या माणसाला रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा न चाळलेल्या गव्हाच्या पिठात दहा-अकरा ग्रॅम चोथा असतो. तितक्याच पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात तीन ग्रॅमही नसतो.

आता ताटाचा जमाखर्च पाहू. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकरींना १५० ग्रॅम पीठ धरले तर १५ ग्रॅम चोथा तिथेच जमा. वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ, वाटीभर पालेभाजी आणि एक पेरू घेतला की दिवसाची गरज भागते. उलट सकाळी चहा-खारी, दुपारी वडापाव, रात्री डाळभात असे खाल्ले तर पोट भरते, पण चोथ्याच्या खात्यावर दहा ग्रॅम जमा होणेही कठीण. आपल्या आईबापांनी गरिबीची म्हणून खाल्लेली भाकरी, हुलग्याचे माडगे, अंबाडीची भाजी आपण पावासाठी सोडली. पोटाच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा ठरला.

खर्च वाढवण्याची गरज नाही. रेशनच्या गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकू नका. कडधान्य मोड आणून खा. शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, मुळा व त्याचा पाला, काकडी, गाजर, हंगामात पेरू आणि बोरे, जे स्वस्त असेल ते घ्या. मात्र एकदम ढीगभर खाऊ नका, नाहीतर गॅस होऊन पोट फुगेल आणि तुम्ही आम्हाला नावे ठेवाल. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

चोथ्याबरोबर पाणी हवेच, नाहीतर कोरडा चोथा उलट अडकून बसतो. साधारण आठ ते दहा पेले पाणी दिवसभरात पोटात जावे. उन्हात राबणाऱ्याला त्याहून जास्त. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पुरेसे पाणी पिणाऱ्याने आणखी हंडाभर प्यायल्याने मात्र बद्धकोष्ठ जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्यांनी रोज अर्धा तास चालावे. आमच्यासारख्या कारकुनांना हे विशेष लागू आहे.

बसण्याची पद्धतही पाहावी. उकिडवे बसल्याने वाट सरळ होते आणि कमी जोर लागतो. कमोडवर बसणाऱ्यांनी पायांखाली वीतभर उंचीचे स्टूल घ्यावे आणि किंचित पुढे झुकावे. म्हाताऱ्यांना गुडघ्यांमुळे उकिडवे बसवत नाही, म्हणून ते जाणेच टाळतात. त्यांच्यासाठी मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते ती घ्यावी. पाच-दहा मिनिटांत झाले नाही तर उठावे. मोबाइल घेऊन आत बसणारी नवी पिढी मूळव्याधीला आमंत्रण देते आणि बाहेरची रांगही वाढवते.

मिश्री लावल्याशिवाय किंवा तंबाखू मळल्याशिवाय होत नाही असे सांगणारी माणसे घरोघरी आहेत. तंबाखूतल्या निकोटीनने आतडे चाळवते हे खरे आहे. पण त्यासाठी तोंडाच्या कर्करोगाचा धोका पत्करणे म्हणजे दाराची कडी निघत नाही म्हणून घर पेटवणे होय.

पुडी, तेल आणि औषध

बाजारातल्या पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला डिवचून हालचाल करायला लावते. अधूनमधून, थोडे दिवस घेतली तर हरकत नाही. पण मनानेच रोज, वाढत्या प्रमाणात घेतली तर पोटात मुरडा येतो, जुलाब होतात आणि शरीरातले पोटॅशियम कमी होऊन अशक्तपणा येतो. आणखी एक गंमत पाहा. जुलाबाने आतडे पूर्ण रिकामे झाले की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचास न होणे अगदी स्वाभाविक असते. परंतु माणूस घाबरतो, पुन्हा पुडी घेतो, आणि हे चक्र चालूच राहते.

एरंडेल हे जोरदार रेचक आहे. महिन्याला पोरांचे "पोट धुऊन काढण्याची" जुनी रीत आता सोडावी. गरोदर बाईला तर एरंडेल मुळीच देऊ नये. त्याने कळा सुरू होऊ शकतात.

इसबगोल बरा. गुजरात-राजस्थानात पिकणाऱ्या या बियांच्या टरफलांचा चोथाच असतो तो. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावा आणि वर आणखी एक पेला पाणी प्यावे. कोरडा किंवा घोटभर पाण्यात घेतला तर तो घशात वा आतड्यात फुगून अडकू शकतो. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी घेऊ नये. दुसऱ्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर लॅक्ट्युलोजचे सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाची पावडर देतात. ही औषधे आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि मळ मऊ करतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने बरेच दिवस घेता येतात. काही जणांत मात्र अडचण वेगळीच असते. शौचाच्या वेळी गुदद्वाराचे जे स्नायू सैल व्हायला हवेत तेच त्यांच्यात आवळतात. अशांना कितीही चोथा आणि औषध दिले तरी गुण येत नाही. मोठ्या रुग्णालयांत यंत्राच्या मदतीने हे स्नायू सैल करायला शिकवतात. म्हणून सगळे करूनही फरक नसेल तर "आपले नशीब" म्हणून बसू नये. पोटविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी.

दुसऱ्या आजाराची सावली

कधी बद्धकोष्ठामागे दुसरे कारण असते. थायरॉइड मंदावणे, जुना मधुमेह, कंपवात यांत आतडे संथ होते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके, रक्तदाबाची आणि मानसिक आजाराची काही औषधे यांनीही शौच कडक होते. गरोदरपणी तर हा त्रास नेहमीचाच. पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका. विशेषतः लोहाच्या गोळ्या. त्या घेताना शौच काळे होते, त्याला भिऊ नका. त्रास होत असेल तर गोळी बदलून किंवा वेळ बदलून मिळते. आशाताईंना, डॉक्टरांना तसे सांगा.

मुलांचे वेगळे असते

लहान मुलाला एकदा कडक शौच होऊन दुखले की ते धास्ती घेते. मग लागले की पाय आवळून, टाचा उचलून कोपऱ्यात उभे राहते. आईला वाटते जोर करतो आहे. वास्तविक ते दाबून धरत असते. शाळेतला संडास घाण असतो किंवा कुलूपबंद असतो, म्हणून मोठी मुलेही, त्यातही मुली, संध्याकाळपर्यंत दाबून धरतात.

यातून एक फसवा प्रकार घडतो. आत कडक गोळा साठतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होते. आई म्हणते जुलाब लागले. कोणी म्हणते मुद्दाम करतो. मग मार बसतो. बंधू-भगिनींनो, त्या मुलाला ते कळतही नसते आणि आवरताही येत नाही. त्याला मार नको, डॉक्टर हवा. औषध काही महिने चालते. चार दिवस बरे झाले म्हणून बंद करू नये. रोज जेवणानंतर पाच मिनिटे पाय टेकवून बसवावे, झाले तर कौतुक करावे, नाही झाले तर रागावू नये. नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलाचे दूध कमी करून भाकरी, भाजी, फळ वाढवावे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांतही असेच साठून वरून पातळ झिरपते. त्यांना जुलाब थांबवायची गोळी देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

केव्हा थांबू नये?

पुढील गोष्टी दिसल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. शौचातून रक्त जाणे. लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखे काळे शौच होणे. कारण नसताना वजन घटणे. रक्त कमी होऊन थकवा येणे. पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर सवय एकाएकी बदलणे. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. रक्त म्हणजे मूळव्याधच असे समजून रस्त्यावरच्या पाटीवाल्याकडून इंजेक्शन किंवा दोरा घेऊ नका. बहुतेक वेळा ती मूळव्याध किंवा कडक मळाने पडलेली चीरच असते, पण ते तपासूनच ठरते. पोट फुगून कडक झाले, वारा सरत नाही आणि उलट्या होत आहेत, असे असेल तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आतडे अडकलेले असू शकते. नवजात बाळाला जन्मानंतर ४८ तासांत काळी शी झाली नाही तरीही तसेच करावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत करण्यात आले आहेत. तेव्हा पैशाच्या भीतीने घरी बसू नये.

आता आपण काय करायचे?

पहिले काम घरातले. दोन आठवडे एका वहीत लिहा: केव्हा लागले, केव्हा गेलो, लेंड्या की केळे, पाणी किती, खाल्ले काय. ही रोजकीर्द घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि घरातल्या बाईची नोंद तिच्यासमोर बसून पाहा. ती शेवटी जाते असे दिसले तर घरातला क्रम बदला. नळावर मुलाने उभे राहावे, डबा नवऱ्याने भरावा, आणि खाल्ल्यानंतरची ती पंधरा मिनिटे तिला मोकळी मिळावीत. याला एक पैसाही लागत नाही. चूर्णाच्या पुडीपेक्षा याचा गुण लवकर येतो. संध्याकाळी तिला सोबत हवी असेल तर कोणीतरी दिवा घेऊन जावे; त्यात पुरुषाला कमीपणा नाही.

दुसरे काम वस्तीतले. मंडळाच्या तरुणांनी आणि महिला मंडळाने एका रविवारी मोजणी करावी. शंभर घरांत पाचशे माणसे धरली, त्यांत अडीचशे स्त्रिया, तर दहा सीट त्यांच्यासाठी हव्यात आणि पुरुषांसाठी सात-आठ. प्रत्यक्षात किती आहेत, किती चालू आहेत, दारे-दिवे-पाणी आहे का, हे लिहून काढा. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर पालिकेकडची नोंद मागता येते. त्या नोंदीत "चालू" असलेली सीट आणि वस्तीत तुंबलेली सीट शेजारी शेजारी मांडून वॉर्ड ऑफिसात न्या. शाळेच्या पालकसभेत फीबरोबर संडासाचेही विचारा. ज्या घरांत आपल्या भगिनी काम करतात तिथे एकटीने बोलणे जड जाते. दहा जणींनी मिळून सांगितले तर ऐकावे लागते.

हा विषय चारचौघांत बोलायचा नाही असे आपल्याला शिकवले गेले. त्या न बोलण्याचा त्रास आपल्या बायकांनी, मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी पुष्कळ सोसला. उद्या सकाळी चहा झाल्यावर घरात एवढेच विचारा: "आधी कोणाला जायचे आहे?" आणि जिने आजवर कधीच "मला" म्हटले नाही, तिला आधी जाऊ द्या.